लाईट लो, मामा

२९ जुलै २०२४, सोमवार

सुई वाटली होती तितकी दुखली नाही. डॉक्टरीणबाईंनी गळ्याला गार काहीतरी फासलं, "अब निगलना नहीं" म्हणाल्या, आणि गिळू नये म्हणून मी इतका जोर लावला की डोळ्यांत पाणी आलं. बाहेर आल्यावर ह्यांनी विचारलं, "लई दुखलं का?" मी म्हणाले, "दुखलं न्हाय. गिळायचं नव्हतं म्हणून."

गळ्यात गाठ आहे हे मला उन्हाळ्यातच कळलं होतं. मंगळसूत्र सारखं करताना बोटाला लागली, सुपारीएवढी. कुणाला बोलले नाही. आमच्या हॉटेलात लग्नसराईची गर्दी होती. मग एक दिवस आत्यांच्या, म्हणजे माझ्या सासूबाईंच्या, नजरेला पडली आणि त्यांनी ह्यांच्या कानावर घातलं. हे मग ऐकेनात.

हैदराबादला गेलो ते सोमेशमुळं. ह्यांच्या मामेबहिणीचा मुलगा, तिथल्याच एका मोठ्या दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीवर कामाला आहे. जन्मला, वाढला तिकडंच. मराठी समजतं, पण तोंडून तिकडचंच हिंदी येतं. आज त्यानं आम्हाला सगळीकडं हाताला धरून नेलं. रिपोर्टला आठवडा लागतो म्हणाला. "तुम लोगां फिरको नक्को आओ मामी, मैं फोन करतूं." म्हणजे परत हेलपाटा नको.

येताना हे बसमध्ये झोपले. हुमनाबाद गेलं, उमरगा गेलं, मी जागीच.

ही डायरी खतवाल्यानं जानेवारीत दिली होती, तशीच कोरी पडून होती. शाळेत असताना मी रोज लिहायचे. आता परत लिहीन म्हणते. घरात कुणाशी बोलावं तर तेच माझ्यापेक्षा जास्त घाबरणार.

२ ऑगस्ट, शुक्रवार

आमच्या मोनिकाचा लातूरला नर्सिंगला नंबर लागला! सकाळी मोबाईल नाचवत आली आणि सरळ माझ्या पिठाच्या हातांवर पडली. ह्यांनी त्या वेळी बसलेल्या सगळ्या गिऱ्हाइकांना चहा पाजला. एक ड्रायव्हर घाईत होता, त्यालाही बळंच थांबवलं.

आमचं हॉटेल म्हणजे नळदुर्गला हायवेवर पुढं सहा टेबलं, मागं राहायच्या दोन खोल्या. सोलापूर-हैदराबाद करणारे ट्रकवाले जेवायला थांबतात. भाकरी माझी, आमटी माझी, आवाज ह्यांचा. नाव शांतलिंग आहे, पण शांत असतात ते फक्त झोपेत. मी वीस वर्षं चुलीपुढं काढली आणि पोरीला एकच सांगत आले, तू इथं बसायचं नाहीस.

गजराअक्काचा फोन आला होता. माझी थोरली बहीण, ईट गावात दिली आहे. कळंबच्या आडत दुकानदाराचं स्थळ आणलंय मोनिकासाठी. मुलगा एकुलता एक, घर मोठं. मी म्हणाले, "अक्का, आत्ता काढूच नको. पोरगी लातूरला चालली." अक्का फुगली. फुगू दे.

रिपोर्ट अजून नाही.

६ ऑगस्ट, मंगळवार

आज कळलं. ह्यांना वाटतंय मला कळलं नाही.

दुपारी सोमेशचा फोन आला. हे गल्ल्यावर होते, मी पार्टिशनच्या मागं भाकरी थापत होते. हायवेच्या आवाजात ह्यांना ऐकू येत नाही म्हणून फोन नेहमी स्पीकरवर असतो. सोमेश म्हणाला, "मामा, मामी का रिपोर्ट आ गया." तेवढ्यात एक कंटेनर हॉर्न वाजवत गेला आणि मधलं काहीच कळलं नाही. हॉर्न थांबला तेव्हा सोमेश म्हणत होता, "...लाइट लो मामा, लाइट लो."

हे म्हणाले, "लाइट लेनी पडेगी?"

"हौ मामा. लाइट लो बोलरा ना मैं."

"कितने दिन?"

सोमेश हसल्यासारखा झाला. "कितने दिन क्या मामा? अब जिंदगीभर लाइट लो! डॉक्टर साब छुट्टी पे हैं, बीस तारीख कू आते. मामी कू लेके आओ, एक बार मिल लो, बस."

भाकरी तव्यावर काळी पडली तरी माझा हात हलला नाही. जरा वेळानं मी हाक मारली, "कुणाचा फोन?" हे म्हणाले, "गॅसवाल्याचा."

वीस वर्षांत ह्यांनी माझ्याशी खोटं बोललेलं मला आठवत नाही. यायचंच नाही ह्यांना. मान खाली घालून गल्ल्यातली चिल्लर उगाच इकडची तिकडं करत होते.

७ ऑगस्ट, बुधवार

आमच्याकडं कॅन्सर हा शब्द कुणी तोंडानं काढत नाही. "त्यांना लाईट घ्यायला लागली" म्हणायचं, की समोरचा समजतो. ज्या मशीनखाली निजवतात, ती लाईट.

माझ्या आईनं बार्शीला घेतली. मिशेरीनं तोंड गेलं होतं तिचं. मोनिका तेव्हा रांगत होती, तिला इथं आत्यांकडं ठेवून मी आईजवळ राहिले. लाईट घेऊन बाहेर आली की आई म्हणायची, काहीच लागलं नाही गं, नुसतं उजेडात निजल्यासारखं. नंतर गालाची कातडी काळी झाली. नंतर पाणी उतरेना. वर्ष पुरं झालं नाही.

जिंदगीभर लाईट घ्या म्हणाला सोमेश. आणि हसला. ते हसणं डोक्यातून जात नाही. चांगला मुलगा आहे तो. रडू येऊ नये म्हणून हसला असेल.

९ ऑगस्ट, शुक्रवार, नागपंचमी

पुरणाची दिंडं केली. चुलीजवळ गेले तर हे आधीच येऊन बसलेले. म्हणे, "आज म्या करतो. तू नुसतं सांग." दिंडं उकडताना फुटली, सगळं पुरण पाण्यात. एरवी एवढ्यात भांडं आपटलं असतं. आज म्हणाले, "ऱ्हाऊ दे, आमटी करू त्याची."

मला कळतंय की. माझ्याशिवाय हॉटेल कसं चालवायचं त्याची सवय करून घेतायत. चूक नाही त्यात काही. पण माझ्यासमोर कशाला?

आत्यांचं तिसरंच. त्यांचं माहेर आळंदकडचं, कानडी मुलुखातलं. लेकाचं हे लाडावणं बघून मला कोपऱ्यात घेऊन म्हणाल्या, "यव्वा, खरं सांग. दिवस गेले काय?" आणि पदराखालून चिंचेचा गोळा काढून दिला. चाळिशीत! मी हसायला लागले ते थांबेना, आणि मग हसताहसताच रडायला लागले. आत्या घाबरल्या. त्यांची खात्रीच झाली असणार आता.

११ ऑगस्ट, रविवार

सकाळी लाईट गेली. हे गिऱ्हाइकाला म्हणाले, "जरा थांबा, वीज गेलीया." वीज! कधी ऐकला नाही हा शब्द ह्यांच्या तोंडून. गिऱ्हाईकसुद्धा बघत राहिलं. घरात तो शब्द आता ह्यांनी बंद केलाय.

दुपारी म्हणाले, "चल, किल्ल्यात जाऊ."

वीस वर्षं किल्ल्याच्या पायथ्याशी राहतोय, दोघं मिळून एकदाही गेलो नव्हतो. पावसाळ्यात पाहुणे येतात, त्यांना हे मोटरसायकलवर सोडून येतात, एवढंच. आज मोनिकाला गल्ल्यावर बसवलं आणि मला घेऊन गेले. बोरी नदीला पाणी चांगलं आहे. पाणीमहालावरून नर-मादी दोन्ही धबधबे धो धो पडत होते. तुषारांनी पातळ ओलं झालं. ह्यांनी रुमाल काढून माझ्या गळ्याला गुंडाळला, गाठीवर. म्हणाले, "गारठा बसंल."

पाण्याच्या आवाजात काही बोलता येत नव्हतं. ह्यांनी दोनदा माझ्याकडं वळून तोंड उघडलं आणि मिटलं. मी पण एकदा, "अहो" म्हणाले. "काय?" म्हणून ह्यांनी ओरडून विचारलं. मी ओरडून सांगितलं, "पाणी लई हाय!"

उपळ्या बुरजाच्या पायऱ्या चढवत नेलं. वर गेल्यावर सगळं नळदुर्ग दिसलं, हायवे दिसला, आमच्या हॉटेलचा निळा पत्रा दिसला. हे पत्र्याकडं बघत म्हणाले, "तुझ्याबिगर..." आणि पुढं म्हणाले, "तुझ्याबिगर चढलो नसतो एवढं."

मी म्हणाले, "उतरा आता. पोरगी एकटी हाय."

मला निरोप द्यायला आणलं होतं का? त्यांचं त्यांना तरी माहीत आहे का?

१३ ऑगस्ट, मंगळवार

आज मी अक्काला आपणहून फोन केला. कळंबवाल्यांना म्हणावं येऊन बघून जा. अक्काला इतका आनंद झाला की कारण विचारायचं तिला सुचलंच नाही. रविवारी येतायत.

मी खूप विचार केला. लातूरची तीन-चार वर्षं मी बघीन का? माझ्या लग्नाच्या मांडवाची आठवण आहे मला. माझी आई माझ्या लग्नात उभी होती. मोनिकाच्या लग्नात कोण उभं राहील? गळ्याला काळी कातडी घेऊन मी उभी राहण्यापेक्षा आत्ता, चांगली असताना, होऊ दे. घर चांगलं आहे. शिकवतीलही पुढं, आजकाल शिकवतात.

ह्यांना सांगितलं. मला वाटलं ओरडतील, कारण लातूरसाठी माझ्यापेक्षा तेच जास्त नाचले होते. ओरडतील, मी हट्ट धरीन, आणि मग मला माघार घेता येईल, असंही आत कुठंतरी होतं. पण हे बराच वेळ टेबल पुसत राहिले आणि म्हणाले, "तुला बघायचं आसंल तर होऊ दे."

तेवढंच. एका शब्दानं विरोध नाही. पोरीचं ओझं उतरतंय तर बरंच, असं वाटलं असेल. बाईमाणूस घरात नसताना तरणी पोर सांभाळायची म्हणजे काय, हेही त्यांनी बघून ठेवलं असणार. मला राग आला. राग यायला नको होता, माझीच तर इच्छा. पण आला.

१४ ऑगस्ट, बुधवार

मोनिकाला सांगितलं. तिनं भांडण केलं नाही. "बरं" म्हणाली आणि लातूरला न्यायला काढून ठेवलेली पेटी परत माळ्यावर ठेवली. माळ्यावर हात पुरत नाही तिचा, तर स्टूल घेऊन चढली. मी खाली उभी होते, पेटी धरू लागले नाही.

१७ ऑगस्ट, शनिवार

आजचं आजच लिहून काढते.

हे सकाळी लवकर मोटरसायकल घेऊन गेले, सोलापूरला सामान आणतो म्हणून. दुपारची गर्दी ओसरल्यावर मी उद्याचे पोहे निवडायला बसले. मोनिका समोर भांडी पुसत होती. मी म्हणाले, "उद्या ती जांभळी साडी नेस. आणि बोलताना जरा हसून बोल."

तिनं भांडं खाली ठेवलं. "आई, एकच सांग. तूच म्हणायचीस ना, चुलीपुढं बसू नको म्हणून?"

"व्हय."

"मग आता काय झालं?"

"काळजी वाटती तुझी."

"कसली काळजी? मी काय केलंय?" तिचा आवाज चढला. "आठ-दहा दिवस झाले, तू मेल्यासारखी फिरतीस. पप्पा पण तसेच. घरात कुणी कुणाशी धड बोलत नाही. काय एवढं आभाळ कोसळलंय? सगळं डोक्यात घेऊन बसायचं! जरा लाईट घे ना आई!"

माझ्या मांडीवरचं सूप पडलं. पोहे सगळीकडं.

"तुला कुणी सांगितलं?"

"काय?"

"लाईट घ्यायची ते. पप्पांनी सांगितलं?"

"काय सांगितलं?"

"तुला माहीत हाय आणि तू आईला अशी बोलतीस? घे म्हणून? पाणी पी म्हटल्यासारखं?" मी काय काय बोलले मला आठवत नाही. तुझ्या आज्जीनं घेतली, तिचा गाल तू बघितला नाहीस, असंही बोलले. मोनिका आधी चिडलेली होती, मग तिचा चेहरा पांढरा पडला. माझे दोन्ही हात धरून ती समोर बसली.

"आई. आई, थांब. तू कुठल्या लाईटबद्दल बोलतीस?"

मी गाठीवर हात ठेवला.

"अगं, लाईट घे म्हणजे... म्हणजे हलकं घे. टेन्शन घेऊ नको. कॉलेजात सगळे असंच म्हणतात. पेपर अवघड गेला तरी म्हणतात लाईट घे. हैदराबादची पोरं तर मोबाईलवर बघ, दर वाक्याला. लाइट लो, लाइट लो."

"हैदराबादची?"

"हो. तिकडचंच आहे ते मूळ, असं म्हणतात."

मी तिला परत म्हणायला लावलं. हैदराबादची कशी म्हणतात, तसंच्या तसं. तिनं म्हणून दाखवलं. सोमेशचाच सूर.

तरीपण मला धीर येईना. सोमेशनं कुठल्या अर्थानं म्हटलं ते सोमेशच सांगणार. दवाखान्यातला माणूस तो, दवाखान्यातली लाईटच म्हणाला असेल तर? फोन मोनिकानं लावला, मी नुसता धरला. त्याला म्हणाले, "सोमेश, मी मामी. खोटं बोलू नको. माझ्या रिपोर्टात काय हाय?"

"मामी? मैं तो उसी दिन मामा कू बोला ना. रिपोर्ट अच्छा है, कुछ नै है, सादी गाँठ है. टेन्शन नक्को, लाइट लो, येइच बोला."

कुछ नै है. ते त्या कंटेनरच्या हॉर्नखाली गेलं होतं.

मी त्याला सांगितलं की आमच्याकडं लाईट घेणं कशाला म्हणतात. मग सोमेश म्हणाला, "मामी, इत्ते दिन तुम लोगां..." मामानं "कितने दिन" विचारलं तेव्हा ते चेष्टा करतायत असं त्याला वाटलं होतं, म्हणून तो हसला.

मोनिका पोह्यांत बसून रडत होती. मग एकदम उठून माझ्या दंडावर जोरात चापट मारली. "मला का नाही सांगितलं? पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर पहिल्या दिवशीच कळलं असतं! मला काय फक्त साडी नेसायला ठेवलंय घरात?"

बरोबर आहे तिचं. मी म्हणाले, "पेटी खाली काढ."

संध्याकाळी हे आले. गाडीला पिशवी नाही, काही नाही. चेहरा धुळीनं भरलेला. मी पुढं गेले सांगायला, तर मला म्हणाले, "शिवकन्या, आधी बस. मला बोलायचंय. न्हायतर परत जमायचं न्हाय."

आम्ही शेवटच्या टेबलावर बसलो. हे म्हणाले, "म्या सोलापूरला गेलो न्हवतो. बार्शीला गेलो व्हतो."

मी थांबवायला हवं होतं. पण त्यांचा हात टेबलावर असा घट्ट पडला होता की मला थांबवता येईना.

"लाईट कशी देत्यात ते बघून आलो. आता पयल्यासारखं न्हाय राहिलं. मशीन नवीन हाय. तिथं बाहेर एक बाई भेटली, वैरागकडची. तिनं घेऊन लई वरसं झाली. आता रानात खुरपायला जाती. म्या तिला परत परत विचारलं, खरंच जाता का? तर हसायला लागली. म्हणली, दादा, रोज जाते. तिथं ऱ्हायला खोली मिळती. म्या तुझ्यासंगं ऱ्हाणार, हॉटेल बंद ठेवू. तुझ्या आईचं झालं तसं होऊ द्यायचा न्हाय म्या."

एवढं सगळं एका दमात. आणि मग माझ्याकडं बघितलंच नाही.

मी म्हणाले, "अहो, गाठ साधी हाय." आणि सगळं सांगितलं. कंटेनर, हॉर्न, सोमेश, मोनिका. ऐकून घेतलं आणि म्हणाले, "सोमेशनं तुला बरं वाटावं म्हणून सांगितलं आसंल." मोनिकानं मोबाईल पुढं करून कुठलीतरी हैदराबादची पोरं दाखवली, लाइट लो म्हणणारी. ह्यांनी ते लक्ष देऊन बघितलं. तरी मान हलवली. "डागदर सांगंल तवा म्या मानंन."

मग अक्काला फोन. तिला खरं काय ते सांगितलं तर म्हणाली, "असलं काय कारण असतंय होय? लोकांना काय तोंड दाखवू?" मी म्हणाले, "माझं नाव सांग. म्हणावं, आईचं डोकं फिरलंय." अक्कानं फोन आपटला. वाईट वाटलं, पण फार नाही.

२० ऑगस्ट, मंगळवार

सहा महिन्यांनी परत दाखवायचं. गोळी नाही, चिरफाड नाही, काही नाही. थायरॉईडची साधी गाठ, पुष्कळ बायकांना असते, वाढली तरच बघू. मोठ्या डॉक्टरांनी मराठीसारख्या हिंदीत सावकाश सांगितलं.

सगळं सांगून झाल्यावर ह्यांनी विचारलं, "और लाइट?"

डॉक्टर म्हणाले, "कौनसी लाइट?"

मागं उभ्या असलेल्या सोमेशनं तोंडावर हात घेतला. मग तेलुगूत त्यानं डॉक्टरांना काय ते सांगितलं. डॉक्टर आधी हसले, मग हसायचे थांबले आणि सोमेशला दोन वाक्यं सुनावली. शब्द कळले नाहीत, पण खाली मान घालून तो जी सर, जी सर करत होता, त्यावरून कळलं. मग आमच्याकडं वळून डॉक्टर ह्यांना म्हणाले, "नहीं भाई. कोई लाइट नहीं. घर जाओ."

तेव्हा हे मानले. बाहेर आलो आणि दवाखान्याच्या पायऱ्यांवर, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या मधोमध, हे खाली बसले आणि तोंड गुडघ्यांत घालून रडले. आवाज करून. सासरे गेले तेव्हासुद्धा असे रडले नव्हते. एक बाई थांबून मला हळूच विचारत होती, कोण गेलं म्हणून. मी म्हणाले, "कोई नहीं गया." सोमेश धावत जाऊन पाणी घेऊन आला आणि "सॉरी मामा, सॉरी मामा" करत तोही शेजारी बसला. ह्यांनी रडताना त्याच्या पाठीवर धपाटा घातला आणि मग तोच हात तिथंच ठेवला.

बसमध्ये जहीराबादच्या पुढं ह्यांनी विचारलं, "त्या दिवशी तू ऐकलं व्हतंस?"

"सगळं."

"मग बोलली का न्हाईस?"

"तुम्ही गॅसवाल्याचा फोन म्हणालात."

मग मीच विचारलं, "सोमेशला परत फोन करून विचारलं का न्हाय?"

खिडकीबाहेर बघत म्हणाले, "दोनदा लावला. उचलायच्या आधी कट केला. परत तेच म्हणला आसता तर?"

मोनिकाच्या स्थळाला हो का म्हणालात, तेही विचारून घेतलं. म्हणाले, "तुला बघायचं व्हतं ना लगीन. म्हणलं, तुझं एवढं तरी होऊ दे. पोरीची समजूत नंतर काढली आसती म्या." मी काय काय लिहून ठेवलंय त्यांच्याबद्दल, ते मागची पानं उलटून वाचलं आत्ता. खोडणार होते. नाही खोडलं. राहू दे.

आत्यांना घरी आल्यावर सगळं समजावून सांगितलं. त्यांनी मला कुरवाळलं, देवापुढं साखर ठेवली आणि मग जरा पडलेल्या आवाजात म्हणाल्या, "म्हंजे दिवस न्हाय गेले?"

१ सप्टेंबर, रविवार

मोनिकाला लातूरला सोडून आलो. होस्टेलच्या खोलीत चौघी जणी. एक उदगीरची, एक देगलूरची, एक गंगाखेडची. तिघी तीन तऱ्हेचं बोलतात. देगलूरची काहीतरी म्हणाली, मोनिकाला कळलं नाही, तिनं लगेच विचारलं, "म्हणजे काय गं?" मला बरं वाटलं.

जाताना फाटकाशी मी तिला म्हणाले, "चुकलं माझं. तुझ्यापुरतं तरी तुला विचारायला पाहिजे होतं."

ती म्हणाली, "माहितीये." मग गळ्यात पडली आणि गाठीवर हळूच बोट ठेवून बघितलं, आत्तापासूनच नर्स असल्यासारखं. "इथून पुढं तुला काही झालं की आधी मला फोन करायचा. पप्पांना नंतर."

९ सप्टेंबर, सोमवार

गौरी-गणपतीचे दिवस, हायवेला नुसती रीघ. दुपारी आमटी कमी पडली. हे पुढून ओरडले, "माणसं ताटावर बसल्यात आन् आतून आमटी येईना! किती येळ लागतोय गं?" मी आतून ओरडले, "दहा माणसांची आमटी चाळीस जणांत वाढायची तर जादू शिकून या! सकाळी डाळ जादा टाकते म्हणाले तर नको कोण म्हणालं?" हे म्हणाले म्या कधी म्हणलो, मी म्हणाले आत्यांना विचारा, आत्या म्हणाल्या मला ह्यात घेऊ नका.

त्यातच मोनिकाचा फोन. उचलला आणि तसाच हातात धरून मी ह्यांना उरलेलं ऐकवलं. मग कानाला लावला.

ती पलीकडं सगळं ऐकत होती. म्हणाली, "आई, भांडताय का तुम्ही?"

"व्हय."

"जोरात?"

"मग काय! ह्यांचं ऐकून घेऊ व्हय?"

"बरं झालं," ती म्हणाली. "मग मी संध्याकाळी करते."

मी फोन ठेवला, पदर खोचला आणि राहिलेलं भांडायला पुढं गेले.